बसणें, बसविणें आणि बंदोबस्त : एका इंग्रजी क्रियापदाची कामठ्यांतील हकीकत

परभाषेंतील अवघड शब्दांचें भाषांतर करणें वस्तुतः फारसें अवघड नसतें. कोशांत त्यांचा बहुधा एकच अर्थ दिलेला असतो; तो उचलावा व पुढें जावें. खरी अडवणूक करतात ते सोपे शब्द. इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं जीं क्रियापदें भेटतात, तीं त्याच्या प्राध्यापकासही पन्नाशी उलटल्यावर पुरतीं उलगडलेलीं असतात असें नाहीं. ‘सेटल्’ हें क्रियापद या जातीचें आहे.

पक्षी फांदीवर उतरून बसला, नवी भिंत पायासकट किंचित् खचली, रडणारें मूल शांत झालें, वाण्याचें देणें फिटलें, दोघां भावांचा तंटा मिटला, सभेची तारीख ठरली, परदेशीं गेलेला गृहस्थ तेथेंच स्थायिक झाला, विवाहाच्या वेळीं वधूच्या नांवें मालमत्ता लिहून दिली, ओसाड रानांत वस्ती वसली, आणि सरकारनें जमिनीचा सारा बांधून दिला, या साऱ्या गोष्टींस इंग्रजाला एकच क्रियापद पुरतें. मराठी माणसास त्याकरितां दहा निरनिराळीं क्रियापदें खर्चावीं लागतात. यावरून आमची भाषा संपन्न व त्यांची दरिद्री असें अनुमान कोणी काढील तर तें घाईचें होईल. एका शब्दाच्या घरांत दहा अर्थ राहूं लागले म्हणजे एकाचा गुण दुसऱ्यास लागतो, व त्यांतून त्या शब्दाला एक निराळेंच सामर्थ्य येतें. जमिनीच्या साऱ्याच्या कामास इंग्रज राज्यकर्त्यांनीं हें क्रियापद लावलें, तेव्हां तंटा मिटल्याचें समाधान, देणें फिटल्याची निश्चिंतता व गाळ खालीं बसल्यानंतरची पाण्याची निवळशंख स्वच्छता, हे सर्व गुण त्या रूक्ष दफ्तरी कामास न मागतां येऊन चिकटले. ज्या मुलखाचें ‘सेटलमेंट’ झालें तेथील लोकांच्या वांट्यास या अर्थांपैकीं कोणता आला, हें पाहणें हा या लेखाचा विषय आहे. आणि त्यासाठीं गोंदियाजवळच्या कामठा या गांवाइतकें सोयीचें ठिकाण मला दुसरें दिसत नाहीं. नागपूरजवळची छावणीची कामठी ती निराळी. हा कामठा आज एक साधा गांव आहे. परंतु एकेकाळीं भंडारा जिल्ह्यांतील सर्वांत मोठ्या जमीनदारीचें तें ठाणें होतें.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. जुन्या इंग्रजींत ‘सेट्ल्’ हें नाम होतें व त्याचा अर्थ आसन असा होता. उंच पाठीच्या लांकडी बांकास इंग्रजींत अजूनही हेंच नांव आहे. राजाच्या आसनास त्या काळीं ‘क्युनेसेट्ल्’ म्हणत, म्हणजे शब्दशः राजासन. या नामापासून क्रियापद निघालें तें आसनावर बसविण्याचें. पुढें समेट करणें या अर्थाचें, पण अगदीं निराळ्या कुळांतलें, एक जुनें क्रियापद उच्चाराच्या जवळिकीमुळें त्यांत मिसळून गेलें असें कोशकार मानतात. तंटा मिटविण्याच्या अर्थास त्यामुळें बळ आलें. मूळ धातु आपणांस परका नाहीं. संस्कृतांतील सद् तो हाच; सदन, संसद, सभासद हे आपले नित्याचे शब्द त्याच वंशांतले. आपलें ‘बसणें’ मात्र या वंशांतलें नव्हे. तें उपविश् या धातूपासून प्राकृताच्या वाटेनें आलें, आणि ‘बैसणें’ हें जुनें रूप त्या प्रवासांतला मधला मुक्काम दाखवितें. वंश निराळा असूनही दोघांचा स्वभाव किती जुळतो पाहा. आपल्याकडेही गाळ बसतो, घडी बसते, जम बसतो, नव्या सुनेचा घरांत जीव बसतो, आणि राजा गादीवर बसतो.

तथापि एक भेद आहे, व माझ्या मतें सारी गोष्ट त्यांतच आहे. मराठींत बसणें आणि बसविणें, वसणें आणि वसविणें, ठरणें आणि ठरविणें, मिटणें आणि मिटविणें अशा जोड्या सहज पडतात. व्याकरणांत यास प्रयोजक म्हणतात, आणि खेड्यांतील निरक्षर म्हातारीही त्यांत कधीं चूक करीत नाहीं. गांव वसलें कीं वसविलें, तंटा मिटला कीं कोणी मिटविला, हें मराठी बोलणारास बोलतांबोलतांच ठरवावें लागतें. इंग्रजींतही अशा जोड्या एकेकाळीं होत्या. सिट् आणि सेट्, लाय् आणि ले, फॉल् आणि फेल् हे त्यांचे अवशेष आहेत. पण ती टांकसाळ फार पूर्वीं बंद पडली, आणि ‘सेटल्’ सारख्या क्रियापदास दोन्ही कामें एकाच रूपानें करावीं लागलीं. लोक आपण होऊन वसले काय, अथवा त्यांना दुसऱ्यानें आणून वसविलें काय, क्रियापदाचें रूप तेंच. त्यांतून त्याचें नाम करून ‘सेटलमेंट’ म्हटलें कीं कर्ता अजिबात नाहींसा होतो. कोणी, कोणास, कोठें बसविलें हा प्रश्न वाक्यांत उरतच नाहीं.

इंग्रजांच्या स्वतःच्या इतिहासांत या नामाचे दोन ठळक कायदे आहेत. १७०१ सालच्या कायद्यानें पार्लमेंटानें राजगादीचा वारसा ठरविला. तेथें हा शब्द आपल्या जुन्या घरींच, म्हणजे राजासनाशींच, राहिला. परंतु त्यापूर्वीं १६५२ सालीं आयर्लंडच्या ‘सेटलमेंट’चा कायदा झाला होता. त्यानें आयरिश जमीनदारांच्या जमिनी जप्त करण्याचा व त्या क्रॉम्वेलच्या शिपायांस आणि त्याच्या युद्धास पैसा पुरविणाऱ्यांस वांटण्याचा मार्ग मोकळा केला. इंग्रजी नांव वाचून आयर्लंडांत कांहीं तरी शांतता व व्यवस्था नांदूं लागली असा ग्रह होतो. त्याच कायद्यास मराठींत ‘आयर्लंडचा बंदोबस्त’ म्हणून पाहावें; कोणाचा बंदोबस्त झाला हें तात्काळ कळतें.

‘बंदोबस्त’ हा शब्द मीं येथें सहज घातलेला नाहीं. नागपूरकडच्या मुलखांत सरकारी ‘सेटलमेंट’ला दफ्तरांतून व लोकांच्या तोंडून हाच शब्द मिळाला. फारशींत बस्तन् म्हणजे बांधणें. बंद आणि बस्त हीं दोन्ही त्याचींच रूपें, व संस्कृतांतील बंध् याचे सख्खे भाऊ. इंग्रजी शब्दाच्या पोटांत आसन आहे, तर फारशी शब्दाच्या पोटांत दोरी. वैनगंगेच्या खोऱ्यांतील शेतकरी धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यास बांधी म्हणतो. ती याच कुळांतली, आणि नवेगांव बांधच्या प्रसिद्ध तलावाच्या नांवांतला बांधही तोच. बांधावांचून पाणी ठरत नाहीं व पाण्यावांचून धान होत नाहीं, तेव्हां बांधणें ही क्रिया त्या प्रदेशांत वाईट मानली जाण्याचें कारण नव्हतें. पण माणसें आणि त्यांचे हक्क बांधावयाचे झाले म्हणजे दोरीचें दुसरें टोंक कोणाच्या हातांत आहे हें पाहावें लागतें. पश्चिमेकडील मराठी मुलखांत या अर्थाचे शब्द निराळे होते. मलिकंबराचा धारा, मोगलाईंतला तनखा, पेशवाईंतली कमाल, आणि सर्वत्र चालणारी जमाबंदी. बंगाल्यांत लॉर्ड कॉर्नवॉलिसनें १७९३ सालीं जें केलें त्यास मराठी ग्रंथकारांनीं ‘कायमधारा’ असें नांव दिलें, तें मला फार समर्पक वाटतें. त्यांत किती भरावयाचें एवढेंच सांगितलें आहे; मुलूख सुखानें नांदूं लागला अशी ग्वाही त्यांत दिलेली नाहीं.

आतां कामठ्याकडे वळूं. भोसल्यांच्या अमदानींत वैनगंगेच्या पूर्वेकडील रानमुलूख जमीनदारांच्या हवालीं केलेला असे. रान तोडावें, गांवें वसवावीं, वाटा निर्धास्त ठेवाव्या, आणि दरबारास ठराविक रक्कम भरावी, असा तो व्यवहार होता. या रकमेस पुढें टाकोली हें नांव रूढ झालें. कामठ्याची जमीनदारी एका कुणबी घराण्याकडे होती. १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यांत नागपुरास सीताबर्डीची लढाई झाली व आप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव झाला. पुढल्या वर्षीं मार्चांत इंग्रजांनीं त्यांस कैद केलें. मे महिन्यांत त्यांना अलाहाबादेकडे नेत असतां ते पहाऱ्यांतून निसटले व महादेवाच्या डोंगरांत शिरले. इकडे नागपुरास रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानें अल्पवयी तिसऱ्या रघूजीस गादीवर बसविलें आणि राजा वयांत येईपर्यंत सारा कारभार इंग्रज अंमलदारांच्या हातीं घेतला. त्याच १८१८ सालीं कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल या नव्या राजवटीवर उठला. कॅप्टन गॉर्डन याच्या हाताखालील तुकडीनें कामठा काबीज केला. चिमणा पटेलाच्या घराण्याची जमीनदारी गेली, व ती इंग्रजांच्या बाजूस राहिलेल्या एका लोधी घराण्यास मिळाली.

एवढी सारी घटना सांगावयास इंग्रजी इतिहासकारास ‘मुलूख सेटल् झाला’ इतके शब्द पुरतात. मराठींत तीच सांगूं लागलें तर निदान तीन क्रियापदें लागतात. एकास उठविलें, दुसऱ्यास बसविलें, आणि बाकीचे गप्प बसले. बसण्याचा हा तिसरा प्रकारही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मराठींत माणूस भीतीनेंही बसतो, आणि इंग्रजी क्रियापदाच्या दहा अर्थांत तो अर्थ मला कोठें आढळला नाहीं. लोधी घराण्याविषयीं मला आकस नाहीं. कुणबी घराण्यासही तो मुलूख कोणा राजानेंच दिला होता, आणि त्यापूर्वीं त्या रानांत गोंड होते. जमीनदारीच्या गादीवर बसणारा प्रत्येक जण कोणी तरी बसविलेलाच असतो. माझा मुद्दा इतकाच कीं, मराठी वाक्यांत बसविणारा दिसतो आणि उठविलेलाही दिसतो. इंग्रजी वाक्यांत दोघेही दिसत नाहींत.

तलवारीचें हें सेटलमेंट झालें. लेखणीचें व्हावयास आणखी पन्नास वर्षें लागलीं. १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि १८६१ सालीं मध्यप्रांत नांवाचा नवा प्रांत निर्माण झाला. सर रिचर्ड टेंपल हा त्याचा उत्साही चीफ कमिशनर. त्याच्या काळांत जिल्ह्यामागून जिल्ह्याचा बंदोबस्त सुरू झाला. भंडारा जिल्ह्याचा लॉरेन्स या अंमलदारानें केला व त्याचा अहवाल १८६७ सालीं निघाला. हा बंदोबस्त म्हणजे केवळ साऱ्याची आकारणी नव्हती. मराठी अमदानींत खालसा गांवांतला पटेल हा गांवाचा मालक नव्हता. सरकारशीं ठराव करावा, रयतेकडून वसूल गोळा करावा, आपला हिस्सा ठेवून बाकीचा भरणा करावा, एवढा त्याचा अधिकार. ठराव मोडला तर गांव दुसऱ्याच्या हातीं जाई. टेंपलच्या बंदोबस्तानें या वसूल गोळा करणाऱ्यास मालक करून टाकलें. त्याचें नांवही बदललें. तो मालगुजार झाला, म्हणजे माल गुजारणारा, सारा भरणारा. नांव सारा भरणाऱ्याचें आणि हक्क जमीन विकण्या-गहाण ठेवण्याचा, अशी ही विलक्षण जोडणी होती.

येथें इंग्रजी क्रियापदाचा आणखी एक विशेष ध्यानांत घ्यावा लागतो. त्यांच्या दफ्तरी भाषेंत सारा अमक्या ‘शीं’ सेटल् करतात. तंटा ज्याच्याशीं मिटवावयाचा तो पक्षकार. त्याप्रमाणेंच सारा ज्याच्याशीं ठरवावयाचा तोही पक्षकार. सरकार एका बाजूस, मालगुजार दुसऱ्या बाजूस, आणि दोघांमध्यें समेट. मग बांधींत गुडघाभर चिखलांत उभा राहून रोवणा करणारा कोठें गेला? वाक्यांत त्याला जागा नव्हती. त्यास मग उपवाक्यांतून आंत घ्यावें लागलें. कोणी मालिक-मकबुजा ठरला, कोणी मौरूसी, कोणी नुसता साधा कुळ. हे सारे शब्द वायव्य प्रांतांतून आले, कारण बंदोबस्ताची पद्धतिही तिकडचीच उचललेली होती. इंग्रजी कल्पना, तिला फारशी पोशाख, आणि ती ऐकावयाची कोणी, तर घरांत पोवारी, लोधी, गोंडी किंवा झाडीपट्टीची मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यानें! आपल्या हक्काचें नांव ज्यास उच्चारतां येत नाहीं, त्यानें तो हक्क कचेरींत जाऊन मागावा ही अपेक्षा कितपत वाजवी होती, हें वाचकांनींच ठरवावें.

त्याच काळीं मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोंकास या शब्दाचा अर्थ किती निराळा होता हें पाहण्यासारखें आहे. मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनीं १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून जी पद्धति घातली, तिच्यांत माणूस मुख्य नव्हता, शेत मुख्य होतें. प्रत्येक शेतास नंबर, प्रत्येक नंबरास आकार, आणि त्या नंबराचा खातेदार सरकारास थेट जबाबदार. पुढें वऱ्हाडांतही हीच रीत आली. म्हणून वर्धा नदीच्या अलीकडे खातेदार आणि पलीकडे मालगुजार, असा एकाच विदर्भाचा दोन तऱ्हांनीं बंदोबस्त झाला. नदीच्या एका कांठीं ‘सेटल्’ या क्रियापदाचें कर्म जमीन होतें, दुसऱ्या कांठीं माणूस. खातेदार कर्जबाजारी झाला नाहीं असें नव्हे. सावकारानें त्याला सोडलें नाहीं. पण तो निदान वाक्यांत होता.

कामठ्याच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर छत्तीसगडाची हद्द लागते. तेथील कांहीं भागांत लाखाबाटा नांवाची जुनी वहिवाट होती. गांवांतील धानजमीन ठराविक काळानंतर पुन्हां नव्यानें वांटावयाची, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच घरीं व निकृष्ट दुसऱ्याच्याच माथीं कायमची राहूं नये, असा तिचा हेतु. इंग्रज अंमलदारांस ही वहिवाट मागासलेली वाटे, व त्यांच्या दृष्टीनें तें साहजिकच होतें. ज्या शेताचा धनी बदलतो त्यावर कायम हक्काची नोंद कशी करावी? ज्यानें जमीन सुधारावी त्यालाच ती पुढें मिळेल कीं नाहीं याची खात्री नाहीं, हा त्यांचा आक्षेपही पोकळ नव्हता. परंतु गाळ बसला म्हणजे पाणी स्वच्छ होतें हें खरें असलें, तरी गाळ बसतो तो खोलगट भागांतच अधिक बसतो. जमीन जेथल्या तेथें बसविली गेली तेव्हां ज्याच्या हातीं त्या वर्षीं चांगली बांधी होती तो सुखी झाला. दुसऱ्याची पाळी पुन्हां आली नाहीं.

शिवाय सेटलमेंट म्हणजे एकदां बसलें कीं कायमचें बसलें, असेंही नव्हतें. बंगाल्यांतील कायमधाऱ्याचा अनुभव ध्यानीं धरून मध्यप्रांतांत बहुधा तीस वर्षांची मुदत घातलेली होती. ती सरतांच १८९० नंतरच्या दशकांत पुन्हां मोजणी, पुन्हां आकारणी सुरू झाली व सारा वाढला. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि तो ओसरतो न ओसरतो तोंच १८९९-१९०० चा. रमेशचंद्र दत्त यांनीं लॉर्ड कर्झनला उद्देशून जीं खुलीं पत्रें १९०० सालीं प्रसिद्ध केलीं, त्यांत मध्यप्रांताच्या साऱ्याची फोड केलेली आहे. पाऊस न पडणें हें दैव असेल, पण एका वाईट वर्षांत शेतकरी मोडून पडतो तो त्याच्या गांठीशीं कांहींच उरूं दिलेलें नसतें म्हणून, असा त्यांचा रोख होता. कर्झन सरकारनें १९०२ च्या जानेवारींत लांबलचक ठराव काढून त्यास उत्तर दिलें. त्या वादाच्या तपशीलांत मी शिरत नाहीं. मला नवल वाटतें तें हें कीं, दोन्ही पक्ष ज्या इंग्रजींत भांडले तिच्यांत वादाचा विषयच ‘मिटलेली गोष्ट’ या अर्थाच्या नांवानें ओळखला जात होता.

हाच शब्द मराठी मुलखांत आणखी एका वाटेनें आला, व तो जसाच्या तसा राहिला. कांहीं भटक्या जमातींस इंग्रज सरकारनें १८७१ च्या कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें, आणि तो कायदा पुढें मुंबई इलाख्यासही लागू झाला. या लोकांस एका जागीं ठेवण्यासाठीं ज्या वसाहती उभारल्या त्यांना ‘सेटलमेंट’ म्हणत. सोलापुरास अशी मोठी वसाहत होती. भोंवतीं तारेचें कुंपण, आंत रोजची हजेरी, आणि राबावयास शहरांतल्या कापडगिरण्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा संसार गाढवाच्या पाठीवर चालला त्यांना बसविणें, हा त्या शब्दाचा अर्थ अगदीं उघड होता. येथें तर बसविणारा शिपाई दारांतच उभा होता. १९५२ सालीं कायदा रद्द झाला, व त्या जमातींस विमुक्त हें नांव मिळालें. इंग्रजांनीं त्यांना ‘बसविलें’ होतें. पण सुटकेला जो शब्द मिळाला तो आसनावरून उठल्याचा नव्हे, दोरी सुटल्याचा. सोलापुरांत त्या भागास लोक अजूनही सेटलमेंट म्हणतात, आणि तेथें वाढलेल्या कित्येकांना तो इंग्रजी शब्द आहे याची आठवणही नसेल.

आजच्या सुशिक्षित मराठींत हें क्रियापद इतकें रुळलें आहे कीं वधूवरांच्या जाहिरातींत त्यावांचून पान हालत नाहीं. मुलगा सेटल आहे. थोरला अमेरिकेंत सेटल झाला. धाकट्यास पुण्यास सेटल केलें कीं आम्ही मोकळे. भाषाशुद्धीचे कैवारी यावर रागावतात. मी रागावूं शकत नाहीं, कारण या उसन्या शब्दाचें मराठीनें जें केलें आहे तें मोठें मौजेचें आहे. ‘सेटल’ नुसता आपल्याकडे चालतच नाहीं. त्यास होणें किंवा करणें यांपैकीं एक शेपूट जोडावेंच लागतें. आणि तें जोडतांच इंग्रजींत हरवलेला भेद परत उभा राहतो. मुलगा सेटल झाला, कीं बापानें त्याला सेटल केलें? भांडण सेटल झालें, कीं कोणी पैसे देऊन सेटल केलें? एका शेंपटांत सगळें कळतें. दुसरी गंमत अशी कीं, गोंदियाकडे काय किंवा कोंकणांत काय, सेटल झालेला मुलगा म्हणजे बहुधा गांव सोडून गेलेला मुलगा. जो बापाच्या बांधींत धान लावीत घरीं राहिला, ज्याच्या घराण्यानें चार पिढ्या तें गांव सोडलें नाहीं, तो अजून सेटल व्हावयाचा आहे असें त्याचे आईबाप पाहुण्यांस सांगतात.

कामठ्याची जमीनदारी पुढें काय झाली हें सांगावयाचें राहिलें. स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश सरकारनें १९५० सालीं मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला आणि १९५१ च्या ३१ मार्चपासून जमीनदार व मालगुजार यांचे ते हक्क सरकारकडे आले. चिमणा पटेलास उठवून जें आसन दुसऱ्यास दिलें होतें तें आसनच काढून टाकलें गेलें. १९५६ सालीं भंडारा जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९९९ सालीं त्यांतून गोंदिया जिल्हा निघाला. मालगुजार गेले, पण त्यांचें नांव एका चमत्कारिक रूपानें उरलें. पूर्व विदर्भांतील जुने तलाव, त्यांतले कित्येक कोहळी लोकांच्या हातचे, बंदोबस्तांत मालगुजारांच्या नांवें लागले होते. ते सरकारकडे आल्यावर कागदोपत्रीं ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, आणि पहिल्या दोन अक्षरांचा जोड करून लोक त्यांना मामा तलाव म्हणूं लागले. नव्या पिढीचा मुलगा मामा तलावावर पोहतो तेव्हां मामा कोण, हा प्रश्न त्यास पडत नाहीं.

बंदोबस्ताचे जाडजूड कागदही अजून जिवंत आहेत. प्रत्येक गांवाच्या बंदोबस्तांत वाजिब-उल्-अर्ज नांवाचें एक टिपण असे. गांवच्या वहिवाटी त्यांत लिहून ठेवीत. मालकी हक्क नष्ट झाल्यावर त्या आधारें निस्तारपत्रकें तयार झालीं. लॉरेन्सच्या वेळीं मुख्य काम साऱ्याचें होतें. हीं टिपणें जाताजातां केलेलीं होतीं, आणि पुष्कळ दिवस तीं तहसिलींत धूळ खात पडलीं. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला, व देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगांव या बाजूच्या जंगलांतल्या गांवांना आपली जुनी वहिवाट सिद्ध करण्याची गरज पडली. तेव्हां ग्रामसभेचे लोक तहसिलींत जाऊन हीं पानें मागूं लागले. सरकारी सारा किती होता हें त्यांना नको असतें. जळाऊ लांकूड कोणत्या रानांतून आणावें, गुरें कोठें चारावीं, मोह कोणीं वेंचावा, तलावाचें पाणी आधीं कोणाच्या बांधींत सोडावें, एवढेंच ते त्यांत शोधतात. आणि पुष्कळदां तें तेथें, फारशी मथळ्याखालीं, लिहिलेलें सांपडतें.